ड्रेनमधलं पहिलं लाल: स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव कसा टाळायचा

व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढतात. मग स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर हे तिन्ही आतड्याला नव्याने जोडतात. एवढं सगळं होताना रक्त जातंच, पण ते डोळ्यांसमोर जातं आणि थांबवता येतं. खरी भीती असते ती पुढच्या रक्तस्रावाची. दहाव्या-बाराव्या दिवशी पेशंट वॉर्डात चालतोय, पेज-वरण खातोय, घरी जायच्या गोष्टी चालल्यात, आणि अशा वेळी ड्रेनच्या, म्हणजे पोटातला द्रव बाहेर काढायला ठेवलेल्या नळीत दोन चमचे लाल रक्त दिसतं. ते पाहून कुणी काय केलं, यावर पुढचं सगळं ठरतं.

हा लेख सर्जरीचे रेसिडेंट, आयसीयू आणि वॉर्डातल्या सिस्टर-ब्रदर आणि पेशंटचे जवळचे नातेवाईक यांच्यासाठी आहे. औषधांचे डोस समजण्यासाठी दिले आहेत. प्रत्यक्ष पेशंटसाठी निर्णय उपचार करणाऱ्या टीमचाच.

एकाच नावाचे दोन आजार

2007 साली आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने या रक्तस्रावाची व्याख्या ठरवली. शस्त्रक्रियेनंतर 24 तासांच्या आत झाला तर लवकरचा, नंतर झाला तर उशिराचा. हिमोग्लोबिन 3 ग्रॅम किंवा त्याहून जास्त उतरलं, तर तो तीव्र. शिवाय रक्त आतड्याच्या आत येतंय की बाहेर पोटात, हेही पाहायचं. हे वर्गीकरण परीक्षेपुरतं समजू नये, कारण दोघांची कारणं आणि उपाय पूर्ण वेगळे आहेत.

लवकरचा रक्तस्राव म्हणजे बहुतेक वेळा सुटलेली गाठ, निसटलेली क्लिप, जठराच्या जोडातलं रक्त किंवा न गोठणारं रक्त. उपाय सरळ आहे: रक्त गोठण्यातले दोष भरून काढा, आतड्यातलं असेल तर एंडोस्कोपी करा, पोटातलं असेल तर थिएटरमध्ये परत न्या. ‘थांबतंय का बघू’ म्हणत घालवलेला वेळ पेशंटला महागात पडतो.

उशिराच्या रक्तस्रावामागे जवळजवळ नेहमी गळती असते. स्वादुपिंड आणि आतड्याचा जोड झिरपतो आणि त्यातला रस बाहेर साचतो. या रसातलं ट्रिप्सिनोजेन नुसतं असताना फारसा त्रास देत नाही. आतड्यातला रस, पित्त आणि जंतू त्यात मिसळले की त्याचं ट्रिप्सिन होतं. ट्रिप्सिन इलास्टेजला जागं करतं, आणि इलास्टेज धमनीच्या भिंतीतले लवचिक तंतू खाऊन टाकतं. भिंत पातळ होते, तिथे फुगा येतो. त्यालाच स्यूडोअ‍ॅन्युरिझम म्हणतात. हा फुगा आधी थोडा गळतो, मग फुटतो.

म्हणून रक्तस्राव टाळायचा म्हणजे गळती टाळायची, आणि ती झालीच तर धमनीपर्यंत पोचण्याआधी पकडायची. पुढचं सगळं याच धाग्यावर आहे.

शस्त्रक्रियेआधीचे आठ-दहा दिवस

सुरुवात औषधांच्या पिशवीपासून करावी. ‘रक्त पातळ करायची गोळी घेता का?’ असं विचारलं की बरेच पेशंट नाही म्हणतात आणि ते खोटंही बोलत नसतात. त्यांच्या मते ती कोलेस्ट्रॉलची किंवा ‘हार्टची’ कॅप्सूल असते. आपल्याकडे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात. त्यामुळे पट्ट्या प्रत्यक्ष पाहाव्यात आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचावीत.

क्लोपिडोग्रेल 5 दिवस आधी बंद, प्रासुग्रेल 7 दिवस, टिकाग्रेलॉर 3 ते 5 दिवस. वॉरफरिन 5 दिवस आधी थांबवून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) तपासायचा. अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन साधारण 2 ते 3 दिवस. मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी जास्त. लहान डोसचं अ‍ॅस्पिरिन हृदयात स्टेंट असलेल्यांचं बहुधा चालू ठेवतात. स्टेंट टाकून थोडेच महिने झाले असतील, तर कार्डिऑलॉजिस्टशी बोलल्याशिवाय कुठलीच गोळी परस्पर बंद करू नये. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं, फिश ऑइल आणि लसणाच्या कॅप्सूलही विचारून घ्याव्यात.

कावीळ असलेल्याचं रक्त नीट गोठत नाही. आतड्यात पित्त पोचत नाही, त्यामुळे व्हिटॅमिन के शोषलं जात नाही. व्हिटॅमिन के 10 मिलिग्रॅम सलाइनमधून सावकाश, रोज एकदा, तीन दिवस दिलं की बहुतेकांचा आयएनआर जागेवर येतो. तरीही आला नाही, तर यकृताचाच दोष शोधावा. गोळीवर भरवसा ठेवू नये, कारण पित्ताशिवाय तीही शोषली जाणार नाही.

मग कावीळ उतरवायला आधी पित्तनलिकेत स्टेंट टाकायचा का? सरसकट नाही. 2010 मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासात बिलिरुबिन 250 मायक्रोमोलपर्यंत, म्हणजे सुमारे 15 मिलिग्रॅमपर्यंत असलेल्या पेशंटची तुलना झाली. थेट शस्त्रक्रिया केलेल्यांत गंभीर गुंतागुंती 39 टक्के होत्या, आधी स्टेंट टाकलेल्यांत 74 टक्के. पित्तात जंतू शिरतात, आणि हेच जंतू नंतर गळतीला विषारी करतात. थंडी वाजून ताप येत असेल, बिलिरुबिन त्याहून जास्त असेल, आधी केमोथेरपी द्यायची असेल किंवा शस्त्रक्रियेला उशीर होणार असेल, तर स्टेंट योग्यच आहे.

सीटी स्कॅन सर्जनने स्वतः उघडून पाहावा, धमन्यांच्या फेजसकट. दोन गोष्टी मुद्दाम शोधायच्या. पहिली, उजवी यकृत धमनी सुपीरियर मेसेंटेरिक धमनीतून (आतड्याला रक्त देणाऱ्या मोठ्या धमनीतून) निघते का. साधारण दहापैकी एकात ती अशी असते आणि स्वादुपिंडाच्या डोक्यामागून जाते. दुसरी, सीलिअक धमनीचं (जठर, यकृत आणि प्लीहेला रक्त देणाऱ्या धमनीचं) तोंड डायफ्रॅमच्या पट्ट्याने आवळलेलं आहे का. तसं असेल तर यकृताला मिळणारं रक्त गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीतून उलट दिशेने येत असतं. ती बांधली की यकृत उपाशी, आणि उपाशी यकृताचे जोडही टिकत नाहीत.

शस्त्रक्रियेआधी प्लेटलेट 50 हजारांवर, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) पुरेसं, आणि रक्तपेढीत किमान 4 पिशव्या क्रॉसमॅच करून राखलेल्या असाव्यात.

टेबलावर: गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीचा स्टंप

उशिराच्या रक्तस्रावाचं सर्वांत मोठं ठिकाण हेच. मुख्य यकृत धमनीपासून निघणारी ही फांदी कापावीच लागते, आणि तिचा उरलेला बुंधा, म्हणजे स्टंप, स्वादुपिंडाच्या जोडाला अगदी खेटून असतो. गळलं की रस पहिला तिथेच जातो.

कापण्याआधी बुलडॉग क्लॅम्प (छोटा चिमटा) लावून यकृत धमनीची नाडी बोटाने पाहावी, शक्य असेल तर डॉप्लरनेही. नाडी गेली तर थांबायचं, सीलिअकचा पट्टा सोडवायचा आणि मगच पुढे. नाडी राहिली तर धमनी मोकळी करावी, पण तिच्यावरचं पातळ आवरण सोलून तिला नागडं करू नये. लिम्फ नोड स्वच्छ काढण्याच्या उत्साहात हे हमखास होतं आणि तीच भिंत पुढे आधी खचते. यकृत धमनीजवळ कॉटरी किंवा अल्ट्रासॉनिक उपकरण टेकवू नये. उष्णतेने भाजलेली भिंत त्या दिवशी ठीक दिसते आणि आठवड्याने गळते.

बांधताना नुसत्या क्लिपवर सोडू नये. आधी रेशमाची गाठ, मग तिच्या पलीकडे 5-0 पॉलिप्रोपिलीनचा टाका भिंतीतून घेऊन बांधणी. स्टंप साधारण 5 मिलिमीटर ते 1 सेंटिमीटर राखावा. अगदी मुळाशी बांधलं तर दिसायला नीटनेटकं वाटतं, पण गाठ निसटली तर थेट यकृत धमनीलाच भोक पडतं. पुढे रेडिऑलॉजिस्टला कॉइल (धमनी आतून बंद करणारी बारीक तार) टाकायचीच वेळ आली तर तीही या बुंध्यात बसली पाहिजे. बुंधा नसेल तर कॉइल यकृत धमनीत घसरते. स्टंपशेजारी एक छोटी धातूची क्लिप ठेवून द्यावी. मध्यरात्री अँजिओग्राफी करणारा माणूस तुम्हाला मनातल्या मनात धन्यवाद देईल.

जोड पूर्ण झाल्यावर फॅल्सीफॉर्म लिगामेंट (यकृताला धरणारा पडदा) किंवा ओमेंटमची (आतड्यांवरच्या चरबीच्या पदराची) झालर स्टंप आणि यकृत धमनीवरून फिरवून दोन-तीन सैल टाक्यांनी बसवतात. याने रक्तस्राव नक्की किती टळतो यावर मतं वेगवेगळी आहेत. पण रस आणि धमनी यांच्यामध्ये जिवंत ऊतकाचा पडदा राहतो, पाच मिनिटांचंच काम आहे, आणि मोफत आहे.

स्वादुपिंडाच्या डोक्याचा मागे वळलेला अन्सिनेट भाग सोडवताना सुपीरियर मेसेंटेरिक धमनीच्या उजव्या बाजूच्या बारीक फांद्या एकेक करून बांधाव्यात. उपकरणाने शिजवून कापलेली फांदी रक्तदाब वाढला की मागे सरकते आणि मग ती शोधणं फार कठीण. स्वादुपिंडाच्या कापलेल्या तोंडावर वरच्या आणि खालच्या कडेला धमन्या असतात, म्हणून कापण्याआधीच दोन्ही कडांना 4-0 चा एकेक आधार-टाका घ्यावा. तोंडावरचं उरलेलं रक्त 5-0 किंवा 6-0 च्या टाक्यांनी थांबवावं. तिथे कॉटरी मनसोक्त चालवली तर मुख्य नळीचं तोंड आकसतं आणि गळतीला आमंत्रण मिळतं.

शेपटीकडचा भाग काढायचा असेल, तर प्लीहेची धमनी आधी वेगळी काढून बांधावी आणि शीर वेगळी. धमनी आणि स्वादुपिंड एकाच स्टेपलरमध्ये घेतले, तर गळणाऱ्या तोंडाला धमनीचं तोंड कायमचं चिकटून राहतं. स्टेपलर लावल्यावर दोन-तीन मिनिटं दाबून धरून मगच चालवावा.

पोट बंद करण्याआधी भूलतज्ज्ञाला रक्तदाब पेशंटच्या नेहमीच्या पातळीवर आणायला सांगावं. वरचा दाब 85 असताना कोरडं दिसणारं पोट 130 ला ओलं होतं. यकृताचं दार, स्टंप, अन्सिनेटची जागा, मेसेंटरी (आतड्याला धरणारा पडदा), जठराच्या जोडाची स्टेपल-रेषा आणि शेवटी ड्रेनची छिद्रं, या क्रमाने पुन्हा पाहावं. तापमान 36 अंशांवर आणि आयोनाइज्ड कॅल्शियम 1.1 मिलिमोलवर हवं. गार पडलेल्या पेशंटमध्ये कितीही टाके घातले तरी रक्त झिरपत राहतं.

धोका किती, हे त्याच दिवशी लिहून ठेवा

2013 मध्ये मांडलेला गळतीचा गुणांक थिएटरमध्येच काढता येतो. स्वादुपिंड मऊ असेल तर 2 गुण. आजार स्वादुपिंडाचा नेहमीचा कर्करोग (अडेनोकार्सिनोमा) किंवा पँक्रिअटायटिस (स्वादुपिंडाची सूज) सोडून दुसरा असेल तर 1. मुख्य नळी 5 मिलिमीटर किंवा मोठी असेल तर 0, मग 4 ला 1, 3 ला 2, 2 ला 3, आणि 1 किंवा कमी असेल तर 4. रक्त 400 मिलिलिटरपर्यंत गेलं तर 0, 700 पर्यंत 1, 1,000 पर्यंत 2, त्यापुढे 3. बेरीज 7 ते 10 आली तर धोका मोठा. गंमत अशी, की कर्करोगाने कडक झालेल्या स्वादुपिंडात टाके छान बसतात, आणि लहानशा साध्या गाठीसाठी काढलेलं लोण्यासारखं मऊ स्वादुपिंड सर्जनची झोप उडवतं.

हा आकडा ऑपरेशन नोटमध्ये ठळक लिहावा. रात्रपाळीच्या रेसिडेंटला आपल्यासमोर 1 गुणाचा पेशंट आहे की 8 गुणांचा, हे माहीत असलंच पाहिजे.

वॉर्डातले पंधरा दिवस

ड्रेन जोडाजवळ ठेवावा, पण त्याचं टोक स्टंपवर किंवा धमनीवर टेकू देऊ नये. कडक नळी हलत राहिली तर भिंत घासते.

पहिल्या दिवशी ड्रेनमधला द्रव पातळ कोकम सरबतासारखा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत तो पिवळसर, लिंबूपाण्यासारखा व्हायला हवा. राखाडी, तपकिरी, गढूळ किंवा वास येणारा द्रव म्हणजे गळती आणि जंतू. हिरवा म्हणजे पित्त. स्वच्छ झालेला द्रव पुन्हा लाल झाला, तर तो धोक्याचा इशारा. मोजमाप दर पाळीला लिहायचं, आणि त्यासोबत रंगही. नुसतं ‘ड्रेन 120’ असं लिहिलेलं चार्ट निम्मंच बोलतं.

ड्रेनमधलं अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातलं विकर) पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी तपासावं. पहिल्या दिवशी ते 5,000 युनिटच्या आत असेल आणि पेशंट ठीक असेल, तर ड्रेन तिसऱ्या दिवशी काढता येतो. 2010 मधल्या इटलीतल्या अभ्यासात असा लवकर काढलेला ड्रेन जास्त सुरक्षित ठरला. विनाकारण ठेवलेल्या नळीतून जंतू आत जातात. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर अमायलेज रक्तातल्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल, तर ती गळती. पेशंटला त्याचा काही त्रास नसेल तर ती सध्या कागदावरचीच. पण ड्रेन राहू द्यावा आणि लक्ष दुप्पट ठेवावं.

रोजच्या राउंडला पेशंटपुढे हेच प्रश्न ठेवावेत. ताप? नाडी 100 च्या वर? पोट फुगलंय? उलटी, जेवण नकोसं? पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) तिसऱ्या दिवसानंतर उतरतायत, की तिथेच अडकलेत, की परत चढतायत? एकाही प्रश्नाचं उत्तर वाईट आलं तर कॉन्ट्रास्ट (शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला) सीटी. साचलेला द्रव दिसला तर त्यात बाहेरून नळी टाकून तो काढायचा, सोबत अँटिबायोटिक. पोट पुन्हा उघडणं हा शेवटचा पर्याय.

हे ऐकायला साधं वाटतं, पण यातच सगळी किमया आहे. नेदरलँड्समधल्या सर्व 17 स्वादुपिंड-केंद्रांनी मिळून केलेला, 1,748 पेशंटचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. रोज ठरलेल्या खुणा पाहायच्या आणि बिघडल्या की ठरलेलं पाऊल उचलायचं, एवढाच नियम होता. इलाज करावा लागणारा रक्तस्राव, अवयव निकामी होणं आणि 90 दिवसांतले मृत्यू यांचं एकत्र प्रमाण 14 टक्क्यांवरून 8 वर आलं. मृत्यू 5 टक्क्यांवरून 3 वर. नुसता रक्तस्राव मात्र 6 वरून 5 एवढाच उतरला. म्हणजे जागरूक टीमलाही रक्तस्राव दिसणारच. फरक असा, की तो सेप्सिसने (अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गाने) खंगलेल्या पेशंटमध्ये दिसणार नाही.

औषधांचं थोडक्यात. स्वादुपिंडाचा रस कमी करणारं ऑक्ट्रिओटाइड 100 मायक्रोग्रॅम त्वचेखाली दिवसातून तीनदा अनेक ठिकाणी देतात, पुरावे मात्र दोन्ही बाजूंचे आहेत. जठराच्या जोडावर अल्सर होऊ नये म्हणून पँटोप्राझोल 40 मिलिग्रॅम द्यावं. वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि एपिड्युरल वापरावं, डायक्लोफिनॅक-केटोरोलॅक शक्यतो टाळावं. गुठळ्या होऊ नयेत म्हणून एनॉक्सापॅरिन 40 मिलिग्रॅम रोज, कर्करोगाच्या पेशंटला 28 दिवसांपर्यंत. रक्तस्रावाच्या भीतीने ते सुरूच न करणं ही चूक, कारण फुप्फुसात जाणारी गुठळीही जीव घेते. पण ड्रेनमध्ये लाल दिसलं की पुढचा डोस आधी थांबवायचा आणि मग फोन करायचा.

दोन चमचे लाल दिसलं तर

याला सेंटिनेल ब्लीड म्हणतात, म्हणजे पहारेकऱ्याची हाक. ड्रेनमध्ये थोडं रक्त, नाकातल्या नळीतून थोडं रक्त, एखादी काळी शी किंवा कारण न सापडता हिमोग्लोबिन उतरणं. ते आपोआप थांबतं, आणि तिथेच माणूस फसतो. मोठा स्फोट त्यानंतर काही तासांनी किंवा काही दिवसांनी होतो. रक्तदाब चांगला आहे, हिमोग्लोबिन 10 आहे, म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणणं ही या आजारातली सर्वांत महागडी चूक आहे. ताज्या रक्तस्रावात हिमोग्लोबिन तासन्‌तास जुनाच आकडा दाखवतं.

क्रम असा:

1. 16 नंबरच्या दोन व्हेनफ्लॉन (सलाइनच्या सुया), रक्ताचे नमुने, 4 पिशव्यांची मागणी. वरिष्ठांना त्याच मिनिटाला फोन.
2. एनॉक्सापॅरिन आणि रक्त पातळ करणारं सगळं बंद. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड 1 ग्रॅम दहा मिनिटांत.
3. पेशंट स्थिर असेल तर लगेच सीटी अँजिओग्राफी (धमन्या दाखवणारा सीटी): आधी कॉन्ट्रास्टशिवाय, मग धमनीची फेज, मग शिरेची. तोंडावाटे पांढरं कॉन्ट्रास्ट पाजायचं नाही. ते सांडलेल्या रक्ताला झाकतं.
4. स्फोट झालाच तर लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट सारख्या प्रमाणात, सोबत कॅल्शियम. रक्त थांबेपर्यंत वरचा दाब 80–90 पुरे. लिटरच्या लिटर सलाइन ओतलं तर गुठळी धुऊन निघते.
5. अँजिओग्राफी टीम तयार. स्टंपमधून रक्त असेल तर कॉइल किंवा यकृत धमनीत आच्छादित स्टेंट.

इथे दोन सापळे आहेत. आठव्या दिवसानंतर रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली की एंडोस्कोपीकडे धाव घेतली जाते. पण पोटातला फुगा गळक्या जोडातून आतड्यात फुटलेला असू शकतो. गळतीवाल्या पेशंटमध्ये आधी सीटी अँजिओग्राफी, मग स्कोप. दुसरा सापळा म्हणजे ‘सीटी नॉर्मल’. रक्त थांबून-थांबून वाहतं. त्या क्षणी थांबलं असेल तर दिसणार नाही. धमनीची कड कुठे खडबडीत आहे का हे रेडिऑलॉजिस्टसोबत बसून पाहावं, पेशंट आयसीयूतच ठेवावा, आणि पुन्हा लाल दिसलं तर थेट कॅथेटर अँजिओग्राफी (धमनीत नळी घालून केलेली तपासणी) करावी.

मुख्य यकृत धमनी पूर्ण बंद करण्याआधी पोर्टल शीर उघडी आहे का हे तपासावं. दोन्ही बंद झाल्या तर यकृताचा तुकडा मरतो किंवा त्यात पू होतो. म्हणून जिथे स्टेंट बसतो तिथे तो बरा. नंतर तो उघडा राहण्यासाठी अँटिप्लेटलेट गोळीचा हिशेब मात्र मांडावा लागतो. पेशंट कोसळत असेल आणि अँजिओग्राफीची सोय तासाभरात होणार नसेल, तर थिएटर. दहाव्या दिवसाच्या चिकटलेल्या, सुजलेल्या पोटात धमनी शोधणं फार अवघड, पण वाट पाहणं त्याहून वाईट.

हॉस्पिटल निवडताना आणि घरी जाताना

नातेवाइकांनी सर्जनचं नाव विचारतात तसं हेही विचारावं: इथे रात्री दोन वाजता सीटी अँजिओग्राफी होते का? कॉइल टाकणारा इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट किती वेळात येतो? रक्तपेढी आवारातच आहे का? महिन्याला अशा किती शस्त्रक्रिया होतात? चांगलं केंद्र या प्रश्नांवर रागावत नाही.

सुट्टी अनेकदा नवव्या-दहाव्या दिवशीच मिळते आणि उशिराचा रक्तस्राव तिसऱ्या आठवड्यातही होतो. मुंबई-पुण्यात शस्त्रक्रिया करून गडचिरोली, नंदुरबार किंवा सिंधुदुर्गातल्या गावी परतणाऱ्यांसाठी हे अंतर जीवघेणं ठरू शकतं. गळती झाली होती किंवा ड्रेन घेऊनच घरी सोडलंय, तर निदान तीन आठवडे हॉस्पिटलपासून तासाभराच्या अंतरावर राहावं, नातेवाइकांकडे किंवा धर्मशाळेत.

खिशात एक कागद ठेवावा. त्यावर शस्त्रक्रियेचं नाव आणि तारीख, गळती होती की नाही, रक्तगट, शेवटचं हिमोग्लोबिन, चालू गोळ्या, सर्जिकल टीमचा चोवीस तासांचा फोन. आणि मोठ्या अक्षरात एक ओळ: ‘स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया झाली आहे, रक्त दिसल्यास आधी सीटी अँजिओग्राफी’. 108 ची रुग्णवाहिका जवळच्या दवाखान्यात नेईल, तिथल्या डॉक्टरला मूळव्याध किंवा अ‍ॅसिडिटी वाटू शकते. ड्रेनमध्ये लाल, काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी, अचानक चक्कर आणि गार घाम, यापैकी काहीही झालं तर थांबलं तरी निघायचं. निघतानाच टीमला फोन करायचा, म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत सीटीचं टेबल रिकामं ठेवलेलं असेल.